देवदूताचे हात

फेब्रुवारी २०२५ मध्ये जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स आपले चित्रपट घेऊन मुंबईत आले आणि त्यांच्या 'विंग्ज ऑफ डिझायर'ची चर्चा आम्हा शांतीनगरकरांतही झाली. १९८७ साली कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवणारा हा चित्रपट एवढ्या स्तुतीस पात्र आहे काय?

भिंतीने दुभंगलेल्या बर्लिनमध्ये डॅमिएल हा देवदूत माणसांच्या मनातले विचार ऐकत फिरतो. सर्कशीत झुल्यावर कसरत करणाऱ्या मारिऑनवर त्याचे प्रेम जडते आणि अमरत्व सोडून तो माणूस होतो. रक्षक दूताची प्रार्थना शिकत वाढलेल्या आपल्यापैकी कित्येकांना हे पतनच वाटेल. देवदूतांना जग कृष्णधवल दिसावे आणि रंग माणसाच्याच वाट्याला यावेत, हे आम्हांलाही पटत नाही. मारिऑनचे अखेरचे भाषणही लांबलेले आहे.

तरीही एका प्रसंगासाठी आम्ही ही स्तुती रास्त मानतो. गच्चीच्या कडेला एक हताश तरुण बसला आहे. कॅसिएल हा दुसरा देवदूत त्याला बिलगतो. त्याचे सारे दुःख त्याला ऐकू येते. थांबवता मात्र येत नाही. तरुण उडी घेतो.

आमच्या इमारतींत भिंतीला भिंत लागून घरे आहेत. शेजारचे रडणे ऐकू येते, तेव्हा आम्ही टीव्हीचा आवाज वाढवतो. आपला प्रभू देह धारण करून आला आणि त्याने कुष्ठरोग्याला हात लावला. ज्या हातांसाठी डॅमिएलने अमरत्व सोडले, ते आम्हांला जन्मतःच लाभले आहेत. शेजारचे दार ठोठावायला आणखी काय हवे?