पाचवं कारण

२४ जानेवारी १९६६. मुंबईहून दिल्ली, बैरुतमार्गे निघालेलं एअर इंडियाचं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान जिनिव्हाला उतरण्यासाठी उंची कमी करत होतं. सकाळी आठच्या सुमारास ते माँ ब्लाँच्या माथ्याजवळ बर्फात आदळलं. विमानात ११७ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्यांत डॉ. होमी भाभा होते. मलबार हिलवर राहणारे, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी करणारे भाभा व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला चालले होते. पंधरा वर्षांपूर्वी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी, एअर इंडियाचंच 'मलबार प्रिन्सेस' याच पर्वतावर कोसळून ४८ जण गेले होते.

एकच कंपनी, एकच पर्वत, दोन्ही विमानं मुंबईची. एवढं जुळून आल्यावर लोकांना दोनच स्पष्टीकरणं सुचतात. एक नियतीचं, दुसरं घातपाताचं. भाभांच्या मृत्यूमागे अमेरिकी गुप्तहेर होते, ही कथा आजही दर काही वर्षांनी नव्या कपड्यांत फिरते. फ्रेंच चौकशी आयोगाने १९६७ मध्ये जे लिहिलं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही, कारण ते नीरस आहे. विमानातल्या दोन व्हीओआर रिसीव्हरपैकी एक बंद होता. जमिनीवरच्या रेडिओ केंद्रापासून विमान कोणत्या दिशेला आहे हे सांगणारं हे यंत्र. बैरुत सोडताना वैमानिकाला ते बंद असल्याचं ठाऊक होतं. माँ ब्लाँच्या संदर्भात आपण नेमके कुठे आहोत याचा त्याचा हिशेब चुकला. रडारवरच्या नियंत्रकाला चूक दिसली, त्याने ती सांगितलीही. पण सांगण्याची शब्दरचना पुरेशी नेमकी नव्हती. वैमानिकाला वाटलं, कडा मागे पडला. तो खाली येत राहिला.

बंद पडलेला एक डबा, चुकलेला एक अंदाज, अर्धवट पोचलेलं एक वाक्य. यांपैकी कुणालाही एकट्याला गुन्हेगार ठरवता येत नाही. मग उरलं ते दैव म्हणायचं का?

हा प्रश्न गीतेच्या अठराव्या अध्यायाला नवा नाही. कोणतंही कर्म घडायला तिथे पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, म्हणजे ज्या ठिकाणी ते घडतं ती जागा, कर्ता, निरनिराळी करणं, म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या चेष्टा, म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. करणं म्हणजे इंद्रियं, असा अर्थ परंपरेने लावला. दाट ढगात शिरलेल्या वैमानिकाचे डोळे त्याच्या कपाळाखाली नसतात, समोरच्या फळीवर असतात. तेव्हा हा अर्थ थोडा ताणला तर आचार्यांची हरकत नसावी. या यादीची गंमत तिच्या क्रमात आहे. दैव तिथे आहे, नाकारलेलं नाही. पण ते पाचवं आहे. आपल्याकडे अपघातानंतर मोजणी बहुतेकदा उलट्या टोकाने सुरू होते आणि पहिल्याच आकड्यावर थांबते.

विमानवाल्यांनी ही मोजणी सुलट्या टोकाने करायची एक पद्धत बसवली आहे. तिचं नाव मिनिमम इक्विपमेंट लिस्ट. हँगरमधले लोक तिला एमईएल म्हणतात. विमानातलं काय बंद असताना उडता येतं, कोणत्या अटीवर आणि किती दिवस, याची ती यादी. काही वस्तू तीन दिवसांत दुरुस्त व्हाव्या लागतात, काही दहा, काही १२० दिवसांत. बंद यंत्रावर तसा कागद चिकटवावा लागतो, नोंदवहीत सही लागते, आणि एवढं होऊनही कॅप्टनला 'हे विमान मी नेत नाही' असं म्हणायचा अधिकार उरतो. छोट्या विमानांच्या पंखांच्या पुढच्या कडेला रबराच्या पट्ट्या असतात. हवेने त्या फुगतात, आकसतात आणि कडेवर धरलेला बर्फ तडकून उडून जातो. वैमानिक त्यांना 'बूट' म्हणतात. बूट नादुरुस्त असले तरी विमान जागेवर अडकून पडतंच असं नाही. पण जिथे बर्फ धरण्याचा अंदाज आहे त्या ढगांत ते न्यायचं नाही. मुंबईकराला बर्फाची ही चिंता परकी वाटेल. पण दादरमध्ये धो धो पाऊस पडत असतो तेव्हाही, डोक्यावर साधारण पाच किलोमीटरच्या वर त्याच ढगात तापमान शून्याखाली असतं.

दोष असूनही चालू द्यायचं, हे ऐकायला बेफिकिरीचं वाटतं. अठराव्या अध्यायातच याला एक अनपेक्षित दुजोरा आहे: अग्नीभोवती धूर असावा तसा प्रत्येक आरंभाभोवती दोष असतोच, म्हणून आपलं काम टाकू नये. निर्दोष यंत्राची वाट बघत बसलं तर एकही विमान उडणार नाही, एकही लोकल कल्याणला पोचणार नाही. एमईएल दोषाला परवानगी देते आणि त्याच वेळी त्याला नाव, तारीख, अट आणि सही देते. दोष लपला की मात्र तो दुसऱ्याच कुणाच्या तरी वाट्याला दैव म्हणून जातो.

याचं अमेरिकेतलं एक उदाहरण अस्वस्थ करणारं आहे. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियाना राज्यात एक एटीआर-७२ विमान कोसळलं, ६८ जण गेले. त्याचे बूट चालू होते. बर्फ त्यांच्या मागे, जिथे ते पोचत नाहीत तिथे साचला. इथे तरी पाचवं कारण मानावं, असं वाटतं. पण अमेरिकी तपास यंत्रणेच्या अहवालात असं आलं की आधीच्या घटनांमधून विमान बनवणाऱ्यांना अशा बर्फाच्या परिणामांची जी माहिती होती, ती त्यांनी पूर्णपणे पुढे दिली नव्हती. फ्रेंचांनी हा निष्कर्ष मान्य केला नाही. वाद राहू द्या. 'अकल्पित' या शिक्क्याखाली खरवडलं की बहुधा कुणाच्या तरी फायलीत ती कल्पना आधीच सापडते, एवढं त्यातून दिसतं.

आता विमानातून उतरून परळला यावं.

२९ सप्टेंबर २०१७, खंडेनवमी. हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा करण्याचा दिवस. गिरण्या चालू होत्या तेव्हा या दिवसांत परळ-लालबागमध्ये साचे पुसले जात, तेलपाणी होई, झेंडूच्या माळा चढत. या पूजेतला पुसण्याचा भाग कमी महत्त्वाचा नव्हता. साचा पुसणाऱ्या हाताला सैल झालेला नट लागतो. नुसता हार घालणाऱ्या हाताला लागत नाही. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, एल्फिन्स्टन रोड आणि परळ या दोन स्थानकांवरची गर्दी कितीतरी पटींनी वाढली, त्यांना जोडणारा पादचारी पूल मात्र होता तेवढाच राहिला. त्या सकाळी साडेदहाच्या सुमारास पाऊस आला, माणसं पुलाच्या जिन्यावर थांबली, मागून गाड्या रिकाम्या होत राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ माणसं मेली. पश्चिम रेल्वेच्या चौकशीने कारण सांगितलं: जोराचा पाऊस.

पाऊस खरा होता. पण पाच कारणांपैकी तो पाचवा होता. अधिष्ठान अरुंद होतं, हे त्याच्यावरून रोज जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. खासदारांनी पत्रं लिहिली होती, नव्या पुलाला मंजुरीही मिळाली होती. अपघातानंतर लष्कराला पाचारण केलं गेलं आणि फेब्रुवारी २०१८ अखेर तिथे नवा पूल खुला झाला. पाच महिने पुरले. म्हणजे चेष्टा शक्य होती, केली गेली नव्हती.

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला दैवाबद्दल फार रोखठोक सांगतात. दैव म्हणून वेगळं काही नाही, आपलाच पूर्वीचा प्रयत्न दैव होऊन समोर उभा राहतो. जुना पुरुषार्थ आणि नवा पुरुषार्थ झुंजतात, बळकट असेल तो जिंकतो. समर्थ रामदासांनी तर प्रयत्नालाच देव मानायला सांगितलं. वाचायला उमेद येते. पण एल्फिन्स्टनच्या जिन्यावर हे तत्त्वज्ञान अडखळतं. तिथे मेलेल्यांसमोर जे दैव उभं राहिलं, ते कुणाच्या पूर्वीच्या कर्माचं होतं? त्यांच्या स्वतःच्या नव्हे. फाईल कुणी दाबून ठेवली, जिना कुणी मोजला नाही, निधी कुणी दुसरीकडे वळवला, याचं फळ कामावर निघालेल्या माणसांना मिळालं. आपल्या दर्शनकारांनी या अडचणीला नाव देऊन ठेवलं आहे: अकृताभ्यागम, न केलेल्या कर्माचं फळ पदरात पडणं. ज्या सिद्धान्तातून असं निष्पन्न होतं तो सिद्धान्त सदोष, असं ते मानत. मुंबईत तो सिद्धान्ताचा दोष राहिलेला नाही, रोजचा अनुभव झाला आहे.

लोकमान्य टिळकांना ही गाठ दिसली होती. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापलेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. कर्माचा हिशेब एका व्यक्तीपुरता थांबत नाही, कुटुंबाला, समाजाला, राष्ट्रालाही तो लागू असतो, असा तिथला विचार आहे. पाप करणाऱ्याला फळ दिसलं नाही तर ते मुला-नातवंडांना दिसतं, या जुन्या वचनाचा आधारही आहे. कर्ता एक आणि भोक्ता दुसरा, ही शक्यता परंपरेने अशी मागच्या दाराने आत घेतली. तिथेही निदान रक्ताचं नातं गृहीत होतं. महानगरात तेही नसतं. नोंदवहीत सही करणारा आणि पुलावरून जाणारा एकमेकांना आयुष्यात कधी भेटत नाहीत.

विमानात एवढा एक फरक आहे: सही करणारा कॅप्टन स्वतः त्याच विमानात बसतो. बंद यंत्राचं फळ त्यालाही तेवढंच मिळणार असतं. पुलाची तपासणी करणाऱ्याला ही सक्ती नाही. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरचा पादचारी पूल कोसळला. सात जण गेले. मृतांत जवळच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात ड्यूटीला निघालेल्या परिचारिका होत्या. या पुलाची तपासणी आधी झालेली होती आणि किरकोळ दुरुस्ती सोडता तो वापरण्याजोगा ठरला होता. पूल पडला तेव्हा खालच्या रस्त्यावरचा सिग्नल लाल होता, म्हणून वाहनं थांबलेली होती आणि पुष्कळ जीव वाचले. 'देवाने वाचवलं' असं लोक त्या रात्री म्हणाले. म्हणू द्यावं, ती कृतज्ञता आहे. तरी एक विचित्र जमाखर्च लक्षात येतो. जे उपकरण नीट चाललं त्याचं श्रेय देवाच्या खात्यात गेलं, आणि जे मोडलं त्याचा दोषही बरेच जण त्याच खात्यात टाकतात. मधल्या माणसांचं खातं दोन्हीकडून कोरं.

यावर कुणी म्हणेल, मग एकाला धरा आणि शिक्षा करा. गीतेची यादी या सोयीच्याही आड येते. पाच कारणं असताना फक्त कर्त्याकडे बोट दाखवणाऱ्याला नीट दिसत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. विमान अपघातांच्या तपासाची आंतरराष्ट्रीय नियमावली जवळपास हेच मानते: तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नव्हे. मात्र कर्तेपण पाच ठिकाणी विभागलेलं आहे, म्हणून ते कुठेच नाही, असा अर्थ काढणं ही लबाडी झाली. आपल्या चौकशी अहवालांना तिची फार सवय आहे.

या सगळ्या विचाराची खरी कसोटी गिरगाव, भेंडीबाजार, लालबागच्या जुन्या इमारतींत लागते. दर पावसाळ्याआधी म्हाडाचं दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करतं. दोष लपलेला नाही, त्याला नाव आहे, तारीख आहे, सही आहे. तरी माणसं तिथेच राहतात. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, एल्फिन्स्टनच्या महिनाभर आधी, पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत पडली आणि ३३ जण गेले. ती धोकादायक ठरून वर्षं उलटली होती. काही कुटुंबं आधीच हलली होती, काही राहिली होती. राहिलेल्यांना धोका माहीत होता, तेव्हा कर्म त्यांचं आणि फळही त्यांचं, असा निवाडा करणारे लगेच भेटतात.

हा निवाडा टिकत नाही. बूट बंद आहेत हे सांगताना विमानाचा नियम पुढचंही सांगतो: बर्फाचा ढग टाळा, दुसरा मार्ग घ्या, नाहीतर विमान उभं ठेवा. नकार दिल्यामुळे वैमानिकाचं घर जात नाही. पागडीच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या भाडेकरूला नोटीस मिळते तेव्हा समोर असतं ते दूरच्या उपनगरातलं संक्रमण शिबिर. तिथून परत कधी यायला मिळेल हे कागदावर नसतं. पंधरा-वीस वर्षं शिबिरातच काढलेले शेजारी मात्र त्याने पाहिलेले असतात. मुलांची शाळा, म्हातारीचा दवाखाना, स्वतःची नोकरी चालत जाण्याच्या अंतरावर असते. त्याला धोका कळवला गेला, एवढ्यावरून तो कर्ता होत नाही. कळवणाऱ्याचं कर्तेपणही त्या सहीने संपत नाही. हलायला जागा आणि परतायला तारीख दिली जात नाही तोवर ते त्याच्याकडेच राहतं.