वजनकाट्यावरचा आठवडा

आहार आवरून वजन उतरवू पाहणारा मनुष्य आठवड्यातून एकदा वजनकाट्यावर उभा राहतो, तेव्हा त्याला चरबी किती घटली हे जाणून घ्यायचे असते. काटा मात्र हाडे, स्नायू, रक्त, आतड्यांतले अन्न आणि या सर्वांहून अधिक भरणारे पाणी यांची एकत्रित बेरीज सांगतो. विचारले एक आणि उत्तर मिळाले दुसऱ्याचेच, अशी ही स्थिती आहे, आणि प्रामाणिकपणे पाळलेले पथ्य तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटते त्यामागे निर्धाराच्या उणिवेपेक्षा पुष्कळदा हीच गफलत असते.

हिशेब मांडला की ती उघड होते. चरबी साठवणाऱ्या पेशींच्या समूहाला मेदऊती म्हणतात. तिच्यात थोडे पाणी आणि प्रथिनेही असल्यामुळे तिच्या एका किलोत शुद्ध चरबीपेक्षा कमी, म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा असते, असा ढोबळ अंदाज अमेरिकी डॉक्टर मॅक्स विश्नॉफ्स्की यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या गणितापासून रूढ आहे. जो रोज गरजेपेक्षा ५५० किलोकॅलरी कमी खातो, त्याची आठवड्याची तूट ३,८५० किलोकॅलरी होते आणि तिच्यातून अर्धा किलो मेद झडतो. उलट सत्तर किलोच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ४२ लिटर पाणी असते, आणि त्यात दोन टक्क्यांचा फरक पडला तरी काटा ८४० ग्रॅमने हलतो. जे मोजायचे त्याहून ते झाकणारी हालचाल मोठी असेल, तर दोन सोमवारांच्या दोन आकड्यांची वजाबाकी करून पथ्याचा निवाडा करणे हे गणिताच्या दृष्टीनेच अयोग्य ठरते.

पाणी असे का हलते, याची कारणे एकाहून अधिक आहेत. शरीर कर्बोदकांचा तातडीचा साठा ग्लायकोजेन या रूपात ठेवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम असा हा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत जवळजवळ तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. भात-पोळी एकदम तोडली की पहिल्या काही दिवसांत हा साठा रिता होऊ लागतो, त्याचे पाणी लघवीवाटे निघून जाते आणि काटा दीड-दोन किलोंनी उतरतो. ‘आठवड्यात दोन किलो’ अशा जाहिराती याच पाण्यावर चालतात, आणि हे पाणी परत आले की माणूस स्वतःला दोषी धरतो, ही त्यातली खरोखर क्लेशदायक बाजू आहे. नवरात्राच्या कडक उपवासात पहिल्या दोन-तीन दिवसांत उतरलेले आणि दसऱ्याच्या श्रीखंड-पुरीनंतर भरून आलेले वजनही बहुतांशी याच जातीचे असते. मिठाचे कार्य वेगळे आहे: रक्तातील आणि पेशींभोवतालच्या द्रवातील क्षारांचे प्रमाण शरीर काटेकोरपणे राखते, म्हणून सुमारे नऊ ग्रॅम मीठ शरीरात जास्तीचे राहिले तर ते विरळ ठेवण्यासाठी लिटरभर पाणी अडवले जाते, आणि मूत्रपिंडे ते मीठ बाहेर टाकेपर्यंत एक-दोन दिवस जातात. उपवासाला चालणारे सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असल्यामुळे या बाबतीत ते साध्या मिठाहून वेगळे नाही.

एखाद्या रविवारच्या लग्नाची पंगत या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भजी, जिलेबी, पापड, लोणचे आणि वर दोन वाट्या मठ्ठा असे जेवण झाल्यावर सोमवारी सकाळी काटा दीड किलो वर दिसतो. हा दीड किलो मेद असायचा तर त्या पंगतीत गरजेपेक्षा साडेअकरा हजार किलोकॅलरी जास्त जायला हव्यात, जे पोटभर आग्रह झाला तरी अशक्यप्राय आहे. जेवण गरजेपेक्षा बाराशे किलोकॅलरींनी जड झाले असे धरले, तरी त्यातून बनणारा मेद दीडशे ग्रॅमच्या आसपास भरतो. उरलेले वजन आतड्यांतून अद्याप पुढे न सरकलेले अन्न, पापड-लोणच्याच्या मिठाने अडवलेले पाणी आणि भात-जिलेबीने पुन्हा भरलेला ग्लायकोजेनचा साठा यांचे असते. सोमवारी घाबरून दिवसभर उपाशी राहणारा मनुष्य अशा वेळी दीडशे ग्रॅमच्या चुकीची शिक्षा दीड किलोच्या हिशेबाने भोगत असतो.

स्त्रियांच्या बाबतीत मासिक चक्राची भर पडते. पाळीपूर्वीच्या दिवसांत अनेकींच्या शरीरात पाणी साठून वजन अर्ध्या ते एक किलोने वाढते आणि पाळी सुरू झाल्यावर उतरते, त्यामुळे या आठवड्याची तुलना मागच्या आठवड्याशी न करता मागच्या चक्रातील त्याच दिवसांशी करणे अधिक न्याय्य होय. नव्याने सुरू केलेल्या व्यायामाने दुखावलेले स्नायूही काही दिवस पाणी धरून ठेवतात. उपासमारच पाणी साठवू शकते, हे मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ तरुणांवर केलेल्या प्रयोगात दिसले: २४ आठवड्यांच्या अर्धपोटी आहारात त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, तरी अनेकांच्या घोट्यांवर सूज आली आणि प्रत्यक्ष झीज काट्यावर दिसत होती त्याहून अधिक निघाली.

या दडलेल्या देवघेवीचा पहिला मोठा अभ्यासक म्हणजे पडुआ येथील वैद्यकाचे प्राध्यापक सांतोरिओ सांतोरिओ. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून त्यांनी कित्येक वर्षे स्वतःचे, खाल्लेल्या अन्नाचे आणि मलमूत्राचे वजन केले आणि १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॅटिन ग्रंथात लिहिले, की पोटात गेलेल्या आठ भागांपैकी सुमारे पाच भाग डोळ्यांना न दिसता शरीराबाहेर जातात. त्वचेवरून आणि श्वासावाटे होणारी ही घट आहे. रूबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये दाखवले, की दहा किलो चरबी पूर्ण जळते तेव्हा तिच्यापैकी ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन उच्छ्वासावाटे जाते आणि उरलेल्याचे पाणी होते. चरबी अशी श्वासाश्वासाने जाते, तर पाणी एका रात्रीत येते-जाते. या दोन वेगांमधले अंतर ओळखणे हाच येथे कळीचा मुद्दा आहे.

म्हणूनच रोज सकाळी, शौचानंतर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर घेतलेल्या सात नोंदींची सरासरी काढून तिची पुढच्या सरासरीशी तुलना करणे, आणि निष्कर्षासाठी निदान चार आठवडे थांबणे, ही पद्धत अधिक विश्वासार्ह आहे. संगणक-उद्योजक जॉन वॉकर यांनी १९९१ मधील आपल्या आहारविषयक पुस्तकात चल सरासरीचा, म्हणजे प्रत्येक नव्या नोंदीबरोबर पुढे सरकणाऱ्या सरासरीचा, असाच पुरस्कार केला होता. मात्र ज्यांच्या मनात आकड्याविषयी भयगंड आहे किंवा ज्यांना पूर्वी खाण्याचा विकार झाला आहे, त्यांच्यासाठी रोजचे वजन घातक ठरू शकते. कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजणे त्यांना पुरेसे आहे.

जे पाणी वजन उतरवणाऱ्याच्या दृष्टीने अडथळा आहे, तेच हृदयविकाराच्या काही रुग्णांच्या बाबतीत महत्त्वाची खूण असते. हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची शक्ती क्षीण झालेल्या रुग्णाला डॉक्टर रोज वजन करायला सांगतात आणि तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाल्यास लगेच कळवायला सांगतात, कारण ती वाढ शरीरात साचू लागलेल्या पाण्याची असते आणि धाप लागण्याच्या आधी ती काट्यावर दिसू शकते. डायलिसिसवरील रुग्णाच्या दोन फेऱ्यांमधली वजनवाढही अशीच पाण्याची म्हणून वाचली जाते आणि त्या दिवशी यंत्राने किती पाणी काढायचे ते तिच्यावरून ठरते.