गाव निवडण्याचा अधिकार

आपल्या राजकीय श्रद्धेशी जुळणारे खेडे शोधून तेथे राहावयास जाणे ही कृती त्यागाची मानली जाते. निवडीचा अधिकार तीत गृहीतच असतो. त्याची मीमांसा आपल्याकडे क्वचितच होते. गांधीजी १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याजवळच्या सेगावात राहावयास गेले. तेथील वस्ती बहुसंख्येने अस्पृश्यांची होती, तर जमिनीचा मोठा हिस्सा जमनालाल बजाजांच्या मालकीचा. १९४० मध्ये सेगावचे 'सेवाग्राम' झाले. शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टळावा म्हणून हे नामांतर झाले, हे खरे. परंतु त्यासाठी दुसरे कोणतेही नाव चालले असते. येणाऱ्याने गावाचा जो अर्थ लावला, तेच गावाचे नाव झाले.

जुलै १९४२ मध्ये, वर्ध्यापासून फार दूर नसलेल्या नागपुरात, डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत भरलेल्या दलित वर्गाच्या परिषदेने स्वतंत्र गाववसाहतींची मागणी केली. हीदेखील राजकीय भूमिकेला अनुरूप असे गाव निवडण्याचीच आकांक्षा होती. मात्र गांधीजींना गावात शिरण्यासाठी ठरावाची आवश्यकता भासली नाही. येथे गावाबाहेर पडण्यासाठी ठराव करावा लागला, सरकारी पडीक जमीन मागावी लागली. गांधीजींच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न निष्ठेचा नाहीच. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने अनुभवाच्या अस्सलपणाची चिकित्सा पुष्कळ केली. त्या अनुभवातून कोणाला उठून जाता येत होते, हे तिने फारसे विचारले नाही. मागितलेल्या वसाहती उभ्या राहिल्या नाहीत. सेवाग्रामची कुटी मात्र आजही पाहावयास मिळते.