पाचांतलं तिसरं कारण

दशक्रियेच्या प्रवचनाला मला बोलावणं येतं. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून पाटण-कराडकडच्या गावांत जातो. गेलेला माणूस मोटरसायकलवरचा तरुण असला, की नदीकाठी कावळा शिवायची वाट बघत उभ्या असलेल्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, एवढ्या ताकदीची गाडी बापानं घेऊन दिलीच कशाला? दुसरा म्हणतो, गाडीचा काय दोष, चालवणाऱ्याला अक्कल नको? मग कुणीतरी ‘वेळ आली होती’ म्हणतं आणि विषय मिटतो.

गीतेचा अठरावा अध्याय हा विषय असा मिटू देत नाही. कुठल्याही कर्माला तिथे पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. दोनच श्लोकांनंतर बजावलं आहे की असं असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता मानतो, त्याला खरं दिसत नाही. भाष्यकार अधिष्ठान म्हणजे देह आणि करण म्हणजे इंद्रियं घेतात. मी ते जरा ताणतो. अधिष्ठान रस्ता, करण गाडी. पंडितांनी माफ करावं. पण ताणलं तरी एवढं उरतंच की साधनाचं नाव यादीत आहे, तिसऱ्या नंबरावर. ‘गाडीचा काय दोष’ म्हणणाऱ्याने पाचातलं एक कारण खोडलेलं असतं. नुसत्या गाडीला शिव्या देणाऱ्याने चार.

माझ्या पुतण्याने चाकणला बनणारी ड्यूक ३९० घेतली. चाळीसहून जास्त हॉर्सपॉवर. स्प्लेंडरला आठ. घरात कुरकुर झाली तेव्हा तो म्हणाला, “काका, पॉवर असली की गाडी उलट सेफ. घाटात एसटीच्या मागे अडकून बघा.”

बघितलंय की. आधी स्प्लेंडर होती, आता साडेतीनशे सीसीची बुलेट आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं मला हिशेबाने पटतं. चढावर एसटी तीसने चालली आहे. मागे माणूस बसवून स्प्लेंडर तिसऱ्या गिअरमध्ये कशीबशी चाळीस धरते. एसटीच्या मागून निघून पुढे सुरक्षित आत यायला एसटीपेक्षा तीसेक मीटर जास्त कापावे लागतात. दहाच्या फरकाने त्याला जवळजवळ अकरा सेकंद लागतात. तेवढ्यात गाडी उलट्या बाजूने सव्वाशे मीटरच्या आसपास गेलेली असते. जास्त पिकअप असलेली मोटरसायकल साठने गेली तर चार सेकंदांच्या आत, साठ मीटरमध्ये मोकळी. समोरून ट्रक येण्याचा धोका निम्म्याहूनही खाली आला. तेव्हा पोरगं खोटं बोलत नाही.

पण हा हिशेब एकाच ओव्हरटेकचा झाला. स्प्लेंडरवाल्याला अकरा सेकंद लागणार हे ठाऊक असतं, म्हणून तो मुकाट्याने डिझेलचा धूर खात दोन वळणं मागे राहतो. पुढे सरळ रस्ता दिसला की निघतो. चारच सेकंद लागणार हे ज्याला ठाऊक आहे, तो वळणाच्या तोंडाशीही निघतो. निर्णय तोच ठेवला तर जास्त ताकद सुरक्षित, यात वाद नाही. मात्र ताकद निर्णय तोच ठेवत नाही. इच्छा आणि कृती यांच्यात जी फट असते, तिथे विवेकाला बसायला जागा मिळते. मोठं इंजिन ती फटच बुजवतं. म्हणून करण हे स्वतंत्र कारण. ते हातात आलं की कर्ताही थोडा बदलतो.

आणि घाट उतरताना काय? तिथे ताकदीचा उपयोग शून्य. गिअर खालचा, ब्रेक दोन्ही, वळणावर सांडलेली खडी. साठऐवजी नव्वदने चाललात तर वेग दीडपट, पण ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. साठला तेवढ्यात सतरा मीटर जातात, नव्वदला पंचवीस. इंजिन वेग देतं, तो परत घेण्याचं काम टायर आणि ब्रेकचं. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. मात्र एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. पुढचं वळण ते बघत नाही.

युरोपच्या कायद्याने करणाला कारण मानलं आहे, गीता न वाचता. तिथे १८व्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतचीच मोटरसायकल मिळते. त्यावर दोन वर्षं काढली की मोठी, नाहीतर थेट २४व्या वर्षी. (पुतण्याची गाडी त्या मर्यादेत बसते. हे त्याला मी सांगितलेलं नाही.) आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं एकच लायसन. त्यावर १८ वर्षांचा पोरगा शंभर सीसीची चालवू शकतो आणि हजार सीसीचीही. म्हणजे कायद्याच्या लेखी सगळा भार कर्त्यावर आणि दैवावर.

लायसनला टप्पे हवेत, आणि सरकारने ते लवकर करावेत. तोवर वाढदिवसाला मोठी गाडी घेऊन देणाऱ्या आईबापांना माझी विनंती आहे: आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा पोराला शंभर सीसीवर घाट चढू-उतरू द्या. एसटीच्या मागे थांबायला तो शिकला, की मग मोठ्या गाडीची किल्ली द्या.