जकातीसाठीच ना?

सातवीला मध्ययुगीन इतिहास शिकवताना एकदा पुस्तकाबाहेरची गोष्ट सांगितली. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, अरब प्रवासी अल्-मसूदी सैमूरला आला. सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातले चौल. तेथे सुमारे १०,००० मुसलमान राहत होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे व्यापारी आणि इथेच जन्मलेली त्यांची मुलेबाळे. राज्य राष्ट्रकूटांचे, त्यांच्या हाताखाली शिलाहारांचे. या व्यापाऱ्यांचे तंटे मिटवायला राजाने त्यांच्यातलाच प्रमुख नेमला होता. त्याला ‘हुनरमन’ म्हणत.

मुले खूश झाली. मागच्या बाकावरचा एकजण मात्र म्हणाला, “सर, जकातीसाठीच ना?”

वर्ग हसला. मला उत्तर सुचेना. (गंमत अशी की मराठीत पूर्वी नाक्यावर वसूल व्हायची ती जकात, आणि आमच्या दीनियातच्या तासाला गरिबाच्या हक्काची तीही जकातच.)

फायद्यासाठी केलेला चांगुलपणा हा चांगुलपणा असतो का? कर्माचे मोल नीयतीवर, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेले. त्या मापाने चौलचा राजा नापासच. बंदर भरले तर खजिना भरणार, हे त्याला कळत होते.

पण त्याच किनाऱ्यावर उत्तरेला संजाण आहे. चिंचणीला सापडलेल्या इ.स. ९२६ च्या ताम्रपटानुसार, राष्ट्रकूटांनी संजाण मंडळाचा कारभार ‘मधुमती’ नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, माणसाकडे दिला होता. मधुमती म्हणजे मुहम्मद! संस्कृतच्या दारातून आत येताना नाव थोडे वाकले इतकेच. त्याने दोन प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या. अन्नछत्र घातले. तेथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. राजाच्या संमतीने देवीच्या मठाला जमीनही दिली. नावांचा हिशेब लागतो, माणसे आली की माल येतो. तुपाचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

भाबडेपणाही नको. याच समुद्रावरून गुलाम विकायला नेत. नफ्याने तेही शिकवले.

मधल्या काळात मी शहरात भाड्याने खोली शोधत होतो. अनामत खिशात होती. मालकाने नळ, मीटर, सगळे दाखवले. मग नाव विचारले. खोली “कालच गेली” होती. ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी पुढे महिनाभर तशीच लटकत होती, कारण माझी वाट तिथूनच जाते. त्या माणसाने आपले महिन्याचे भाडे बुडवून मला नाकारले. मला राग आला, आणि मागच्या बाकावरचा तो पोरगा आठवला. नुसत्या फायद्याने दार उघडत असते, तर मला खोली मिळाली असती. चौलच्या राजाचे गुण मी त्या दिवशी वाढवून टाकले.

मग वर्गात दुसरी गोष्ट सांगितली. तेराव्या शतकात औफीने लिहून ठेवलेली, खंभात बंदरातली. तेथे दंगल झाली, मशीद उद्ध्वस्त झाली, ८० मुसलमान मारले गेले. खतीब अली फिर्याद घेऊन अणहिलवाडच्या राजा जयसिंगाकडे गेला. राजा कोणाला न सांगता, वेष पालटून, सांडणीवरून स्वतः खंभातला पोचला. बाजारात फिरला, लोकांचे ऐकले. परतताना भांडे भरून समुद्राचे पाणी आणले आणि दरबाऱ्यांना चाखायला लावले. मग गुन्हेगारांना शिक्षा, आणि मशीद बांधायला एक लाख नाणी.

“पाणी कशाला आणलं?” एका मुलीने विचारले.

“आपण स्वतः जाऊन आलो, हे पटवायला.”

मागच्या बाकावर जरा वेळ शांतता होती.

“सर, जकातीसाठी तर माणूस पाठवला असता तरी चाललं असतं.”