बोरांचा केक आणि नैवेद्याची कसोटी

संक्रांत जवळ आली की शिरूर-दौंडच्या बाजारांत बोरांचे ढीग लागतात. सुगडात उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि गाजर यांच्या जोडीला बोर हवेच. लहान मुलांचे बोरन्हाण तर त्याच्यावाचून होतच नाही. समजा, हेच बोर एखाद्या घरी केकमध्ये पडले. पाश्चात्त्य देशांत ताजी बेरी फळे घालून ‘कॉफी केक’ करतात. त्यात कॉफी असतेच असे नाही, कॉफीबरोबर खायचा म्हणून त्याला ते नाव. आपल्याकडे तो कणीक, दही, तूप, दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळाचा गूळ आणि बोरांच्या फोडी यांतून होतो. दह्याचा आंबटपणा आणि खायचा सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि पीठ फुलते, अंडे लागत नाही. असा केक देवापुढे ठेवावा का? माझ्या मते जरूर ठेवावा, आणि तोही सवलत म्हणून नव्हे. नैवेद्याची कसोटी पदार्थाच्या कुळात नाही, ती त्याच्या वाटणीत आहे.

कुळाची कसोटी किती कच्ची आहे, हे आपल्या उपवासाच्या ताटातच दिसते. साबुदाण्याच्या खिचडीतला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही चारही पिके मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज येण्यापूर्वी ती इथे कोणाला ठाऊक नव्हती. तरीही एकादशीला ती चालतात आणि पिढ्यान्‌पिढ्या पिकवलेला गहू चालत नाही. म्हणजे पावित्र्य पदार्थाबरोबर जन्माला येत नाही, समाज ते त्याला देतो. समाज ते नाकारतोही, आणि नाकारताना त्याची नजर बहुधा पदार्थाकडे नसते. 1890 साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर काही मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यावरून गावात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते झाली. आज तीच चहा-बिस्किटे सोवळे पाळणाऱ्या घरांतही सकाळी पहिल्यांदा समोर येतात. बिस्कीट तेव्हाही पीठ आणि साखरच होते. ते वर्ज्य ठरले, कारण देणारा हात परका होता.

हा हाताचा प्रश्न दौंड तालुक्याने फार जवळून पाहिला आहे. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुली आणि बालविधवा केडगावला आणल्या आणि तिथे मुक्ती मिशन उभे राहिले. रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मांतराबद्दल आणि त्यांच्या संस्थेतल्या धर्मशिक्षणाबद्दल त्या काळी मोठा वाद झाला. तो वाद खोटा नव्हता, श्रद्धेचा प्रश्न भाकरीने सुटत नाही हे खरेच आहे. पण भुकेल्या मुलीपुढे ताट ठेवणे ही आपल्याही शास्त्रांची आज्ञा आहे. अतिथी जेवल्याशिवाय गृहस्थाने जेवू नये असे सांगणारा धर्म, दाराशी आलेल्याची जात विचारून ताट मागे घेतो तेव्हा तो स्वतःलाच खोटे पाडतो. शबरीची कथा हेच सांगते. वाल्मीकींच्या रामायणात ती रामासाठी रानातली फळेमुळे गोळा करून ठेवते. तिने चाखून पाहिलेली, उष्टी बोरे नंतरच्या भक्तिपरंपरेने कथेत आणली. भक्तांना हा बदल करावासा वाटला तो याचसाठी: देवाने शुद्ध फळ खाल्ले यापेक्षा त्याने शबरीचे उष्टे खाल्ले, हे त्यांना मोठे वाटले.

यावर पहिला आक्षेप असा की, भाव पुरेसा असेल तर नियम हवेतच कशाला? नियम हवेत, पण त्यांतला फरक ओळखून. जिवाला इजा नको म्हणून अंडे टाळणे हा दुसऱ्याची काळजी घेणारा नियम आहे, तो जरूर पाळावा. अमक्याच्या हातचे नको हा नियम मात्र दुसऱ्याला खाली ढकलतो. भाव आळशी नसतो, हेही इथेच दिसते. बोरात अळी असते. म्हणून केक करणारी बाई एकेक बोर चिरते, बी काढते, फोड उजेडाकडे धरून पाहते, डागाळलेली बाजूला टाकते. मग त्या फोडी कोरड्या पिठात घोळवते, म्हणजे त्या तळाशी बसत नाहीत. पातेल्यात मिठाचा थर तापवून त्यावर भांडे ठेवते आणि झाकण न उघडता पाऊण तास थांबते. एवढी एकाग्रता आणि एवढा धीर सोवळ्यात नसेल, तर सोवळे म्हणजे नुसते ओले धोतर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. रांजणगावच्या महागणपतीला मोदक दाखवतात, त्या मोदकात कित्येक पिढ्यांची आठवण आहे. परकी चव आली की ती आठवण पुसली जाईल, अशी भीती वाटते. ही भीती मी हलकी मानत नाही, म्हणूनच मोदकाच्या जागी केक ठेवा असे मी म्हणत नाही. पण परंपरा जिवंत राहते ती नवे पचवून. ज्या परंपरेने मिरची आणि बटाटा आपलासा केला, ती गूळ-बोरांच्या केकने बुडणार नाही. ती बुडते प्रसाद वाटताना एखादे दार वगळले की.

देवापुढे ठेवलेले अन्न वाटल्यावरच प्रसाद होते, आणि केक तर कापून वाटण्यासाठीच असतो. या संक्रांतीला तो करा, देवापुढे ठेवा आणि पहिला तुकडा अशा घरी पाठवा, जिथे आजवर तुमच्याकडून तिळगूळ गेलेला नाही. त्या घरून जे येईल, ते तिथेच उंबऱ्यात उभे राहून खा.