पाहुण्याची हुरहूर

गेलेल्या गोष्टीबद्दल हुरहूर वाटणे हा मनुष्यस्वभाव आहे, आणि स्वभावाला आपण सहसा न्याय-अन्यायाची मोजपट्टी लावीत नाही. भूक लागली म्हणून कोणी कोणाला दोष देत नाही. तद्वत आठवण आली म्हणूनही देऊ नये, असे सर्वसाधारण मत. आम्हांस मात्र गेले काही दिवस एक प्रश्न सोडीत नाही. जे आपले घर नव्हते, जेथे आपण पैसे मोजून चार दिवस राहिलो, अशा गावातील एखादी खानावळ किंवा एखादे मद्यालय बंद पडले म्हणून जो शोक होतो, तो कशाचा? प्रेमाचा, की मालकीचा?

प्रश्न अधांतरी राहू नये म्हणून एक गाव समोर ठेवू. मेक्सिको देशाच्या युकातान द्वीपकल्पावर, कॅरिबियन समुद्राकाठी, कान्कूनच्या दक्षिणेस सुमारे ६८ किलोमीटरवर प्लाया देल कार्मेन नावाचे शहर आहे. ‘प्लाया’ म्हणजे पुळण, समुद्रकिनारा. आणि ‘कार्मेन’ म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आया-आज्यांच्या गळ्यात जिचे स्कॅप्युलर असे, ती कार्मेल माता. हिब्रू भाषेत कार्मेल म्हणजे मळा, फळबाग. आम्ही ते शहर पाहिलेले नाही. पण गोव्यातील आणि आपल्याकडील कितीतरी तरुण प्रवासी जहाजांवर नोकरीस आहेत, आणि प्लायाच्या समोरचे कोसुमेल बेट हे अशा जहाजांचे मोठे बंदर आहे. त्यांपैकी एक जण सुट्टीवर आला असता आमच्याशी बोलत बसला होता. जहाजावर जेवण वाढताना उतारवयाचे प्रवासी प्लायातील नाहीशा झालेल्या मद्यालयांची नावे, आपण मृतांच्या दिवशी कबरस्तानात नावे वाचतो तशी, एकामागून एक घेतात, असे त्याने सांगितले. त्याला त्याची मौज वाटत होती. आम्हांस ती गोष्ट तितकी हलकी वाटली नाही, म्हणून आम्ही त्या गावाविषयी मिळेल ते वाचले.

युरोपीय तेथे पोहोचण्यापूर्वी माया लोक या जागेला शामान-हा, म्हणजे ‘उत्तरेचे पाणी’, म्हणत. कोसुमेल बेटावर इश्चेल देवीचे स्थान होते. यात्रेकरू या किनाऱ्यावरून होड्यांनी पलीकडे जात. पुढे कित्येक शतकांनी तेथे मच्छीमारांची आणि नारळाच्या बागांत खोबरे सुकविणाऱ्यांची वस्ती झाली. पर्यटकांना हवे होते ते कोसुमेल. प्लायाला ते थांबत, कारण बोट सुटायला अवकाश असे. गावातील पहिल्यावहिल्या खानावळी या अशा ताटकळणाऱ्या माणसांच्या भुकेवर उभ्या राहिल्या. १९७० मध्ये मेक्सिको सरकारने कान्कून येथे आखीव पर्यटननगरी उभारण्यास आरंभ केला. पुढे तेथील उंच इमारतींना कंटाळलेले प्रवासी दक्षिणेकडे सरकत गेले, आणि १९८० ते ९० च्या दशकांत त्यांना प्लाया सापडले. हे ‘सापडले’ त्यांचे. गाव काही हरवलेले नव्हते.

त्या वर्षांचे वर्णन ऐकताना मन खरोखर मोहरते. जमीन वाळूची. वर झावळ्यांचे शाकार, त्याला तेथे ‘पालापा’ म्हणतात. टांगलेले झोपाळे. मासा आच्योतेच्या तांबड्या वाटणात आणि आंबट नारंगाच्या रसात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर ठेवायचा; त्याचे माया नाव तिकिन-शिक. (केळीचे पान वाचून आमच्या तोंडाला पाणी सुटले हे सांगण्यास संकोच कशाला?) ‘ब्ल्यू पॅरट’ नावाचे एक मद्यालय पुळणीवरच होते, आणि त्याच्या फळीसमोर बसायला स्टुलांऐवजी दोरांचे झोके होते. प्रौढ माणसे हातात पेला घेऊन झोका घेत आहेत आणि समोर काळोखात समुद्र वाजतो आहे, हे चित्र ज्याने एकदा जगले तो ते विसरणार नाही.

हे सारे गेले कसे? एखाद्या खलपुरुषाने नेले नाही. मेक्सिकोच्या कायद्याने भरतीच्या रेषेपासून वीस मीटरांची पट्टी राष्ट्राची आहे. तेथे धंदा करावयाचा तो परवान्यावर. शिवाय किनाऱ्यापासून पन्नास किलोमीटरच्या आत परकीयाला जमिनीची थेट मालकी १९१७ च्या राज्यघटनेनेच नाकारली आहे. म्हणून पुळणीवरचे धंदे मुळातच परवान्यावर आणि भाड्यावर तगलेले. गाव प्रसिद्ध झाले तशी भाडी चढली, आणि चढत्या भाड्यात पहिली विझते ती छोटी चूल. मग आली मोठी हॉटेले, जेथे राहणे-खाणे-पिणे यांचे पैसे एकदाच भरावयाचे आणि मनगटाला पट्टी बांधून घ्यावयाची. अशी पट्टी बांधलेला पाहुणा बाहेर जेवील कशाला? मध्येच वादळे: १९८८ चे गिल्बर्ट, २००५ चे विल्मा. २०१७ च्या १६ जानेवारीस एका संगीतमहोत्सवाच्या अखेरच्या रात्री ‘ब्ल्यू पॅरट’मध्ये गोळीबार होऊन पाच माणसे मेली, मृतांत महोत्सवाची सुरक्षा सांभाळणारी माणसेही होती. त्यानंतर ते मद्यालय बंदच झाले. १९९० च्या जनगणनेत ज्या गावाची वस्ती ३,००० च्या आसपास होती ते २००० मध्ये ४३,००० च्या वर गेले, आणि २०२० मध्ये ३,००,००० ओलांडून पुढे गेले. तीस वर्षांत शंभरपट. अशा वेगापुढे एखादी खानावळ टिकली असती तरच नवल.

आता शोकाकडे वळू. ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझल येथील आपल्या प्रबंधासाठी घडविला. घरी परतणे आणि वेदना, या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. परमुलखात असलेल्या स्विस तरुणांचा तो रोग, आणि त्याचा खात्रीचा उपाय म्हणजे रोग्यास घरी धाडणे. आपल्या मराठीत याला ‘स्मरणरंजन’ असा शब्द रूढ झाला. ग्रीक शब्दात वेदना आहे, आपल्या शब्दात रंजन आहे. आणि आम्हांस वाटते, आपला शब्द अधिक प्रामाणिक आहे. कारण प्लायाच्या या रोग्याकडे पाहा. हा तर आपल्या घरीच, आपल्या आरामखुर्चीत बसलेला आहे! त्याला धाडावयाचे कोठे? विमानाचे तिकीट काढून प्लायाला धाडले तर दुखणे वाढते, कमी होत नाही. इमॅन्युएल कांट या तत्त्वज्ञाने १७९८ मध्येच ओळखले होते की घरच्या ओढीने परतणारा निराश होतो, कारण त्याला हवे असते ते आपले तारुण्य, आणि ते कोणत्याही गावात ठेवलेले नसते.

म्हणूनच या शोकात प्रत्येकाचे सुवर्णयुग त्याच्या पहिल्या भेटीच्या वर्षी सुरू होते. १९८५ ला आलेला म्हणतो, नव्वदीनंतर गाव बिघडले. १९९५ ला आलेला म्हणतो, छे, २००० पर्यंत झकास होते. आणि जो खोबरे सुकवीत असे त्याच्या लेखी बहुधा वाळूवर वाजणारा पहिला कर्णाच शेवटाचा आरंभ असेल. ज्या मद्यालयासाठी आज अश्रू ढाळले जातात तेही कोणाच्या तरी नारळाखाली उभे राहिले होते. अर्थात नारळही तेथे सुखाने राहिले नाहीत; १९८० च्या सुमारास पाने पिवळी पडून माड मरण्याच्या रोगाने त्या किनाऱ्यावरील बागा फस्त केल्या. पर्यटन आले ते रिकाम्या ताटात आले, हेही विसरता कामा नये.

येथवर कोणी म्हणेल, असू द्या की, म्हाताऱ्यांचे निरुपद्रवी सुख आहे. आम्हीही तसेच म्हटले असते, पण त्या तरुणाने सांगितलेली एक गोष्ट मनात रुतून बसली. प्रवाशांच्या तोंडी हटकून येणारे वाक्य असे की, त्या काळी तेथे सगळे किती स्वस्त होते! बिअर, मासा, खोली, सारे.

का स्वस्त होते? २० डिसेंबर १९९४ रोजी मेक्सिकोने आपल्या पेसो या चलनाचे अवमूल्यन केले. एका डॉलरला साडेतीन पेसोंच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत सातांच्या घरात गेला. १९९५ मध्ये महागाई पन्नास टक्क्यांच्या वर चढली. म्हणजे झोक्यावर बसलेल्या पाहुण्याच्या डॉलरला दुप्पट पेसो मिळू लागले, त्याच महिन्यात तो पेला भरून देणाऱ्याच्या घरी पगार तोच राहून तेल आणि मका महागले. त्याच सुमारास चियापास, ताबास्को, युकातान या भागांतून कामासाठी आलेल्या माणसांनी शहराच्या उत्तरेस मोकळ्या जमिनीवर झोपड्या ठोकल्या. १९९४ च्या मार्चमध्ये ज्याची हत्या झाली त्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचे, लुईस दोनाल्दो कोलोसिओचे, नाव त्या वस्तीस मिळाले. पाहुण्याचे सुवर्णयुग आणि चाकराचा चिखल यांचे वर्ष एकच होते. एवढेच की, पाहुण्याला पुळणीवरून ती वस्ती दिसत नव्हती.

जुन्या करारात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिसर देशातील जेवण आठवते: मासे, काकड्या, कलिंगडे, कांदे, लसूण. लोक सगळे पदार्थ अचूक आठवतात आणि वर म्हणतात की मासे तर आम्हांस फुकट मिळत. विटा थापताना पाठीवर पडलेले फटके त्या यादीत नाहीत. निदान त्यांच्या बाबतीत फटके आणि मासे एकाच माणसाच्या वाट्याला आले होते. विसरले ते स्वतःचेच दुःख. प्लायाचा पाहुणा विसरतो ते दुसऱ्याचे, आणि विसरतो म्हणणेही तितकेसे बरोबर नाही, कारण ते त्याने पाहिलेलेच नसते.

याहून कठीण मुद्दा पुढे आहे. ‘ते गाव तसेच राहिले असते तर!’ असे जो म्हणतो तो नेमके काय मागतो? तीन हजार वस्तीचे गाव म्हणजे तीन हजार वस्तीच्या मानाने शाळा, तेवढाच दवाखाना, तेवढ्याच नोकऱ्या. आपली एक सुंदर संध्याकाळ अबाधित राहावी म्हणून दुसऱ्या कोणी पिढ्यानपिढ्या थोडक्यात भागवावे, ही इच्छा तोंडाने कोणी उच्चारणार नाही. पण त्या सुस्काऱ्याच्या पोटात ती असतेच. आज तेथे तीन लाखांवर माणसे पोट भरतात. कोण्या वृद्धाच्या हुरहुरीखातर त्यांना त्यांच्या मुलखात परत पाठवावयाचे का?

तथापि, या युक्तिवादाने समाधान मानणाऱ्यांचेही आम्हांस पटत नाही. वाढीने पोट भरले, म्हणून जे गेले ते निव्वळ लाड होते असे ठरत नाही. छोट्या मद्यालयात चालविणारा माणूस समोर उभा असे. दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्याला तो ओळखी आणि पाहुणाही त्याला ओळखी. मोठ्या हॉटेलात वाढप्याच्या छातीवर नावाची पट्टी असते आणि पाहुण्याच्या मनगटावर पैसे भरल्याची. दोन पट्ट्यांमध्ये व्यवहार चोख होतो, पण त्या नावाने हाक मात्र क्वचितच कोणी मारते. हे नुकसान पाहुण्यापेक्षा चाकराचे अधिक आहे. आमच्या त्या तरुणाच्याही छातीवर अशी पट्टी असते. तिच्यावर नाव, आणि खाली देशाचे नाव. आठ-नऊ महिन्यांच्या करारात घरच्या नावाने आपल्याला कोणी हाक मारली नाही, असे तो सहज बोलून गेला, आणि त्याची आई, जी आतापर्यंत त्याने आणलेल्या वस्तू कौतुकाने दाखवीत होती, एकदम गप्प झाली.

तेव्हा आमच्या मते पाहुण्याची हुरहूर खोटी नाही. ती अर्धी आहे. तिला झोका आठवतो, झोक्याचा दोर रोज तपासणारा आठवत नाही. बिअरची किंमत आठवते, ती आणून देणाऱ्याची मजुरी ठाऊक नसते. ज्याने ते ठिकाण उभे केले, पहाटे वाळू झाडली, रात्री दोन वाजता भांडी घासली, त्याचीही त्या ठिकाणाबद्दल काही आठवण असेल, आणि ठिकाण बंद पडले तेव्हा त्याची संध्याकाळ नव्हे, रोजी गेली. शोकाचा पहिला हक्क कोणाचा, हे ठरविण्यास फार मोठे तत्त्वज्ञान लागू नये.

प्लायात बोटीच्या धक्क्याजवळ कार्मेल मातेचे एक लहानसे पांढरे प्रार्थनामंदिर आहे. वेदीच्या मागे भिंतीऐवजी मोठी खिडकी असून तिच्यातून थेट समुद्र दिसतो. भोवती दुकानांचा गजबजाट. त्याची छायाचित्रे आम्ही पाहिली आहेत. गावात जे थोडे जुने उरले त्यांत ते आहे, आणि नाहीशा झालेल्यांच्या याद्यांत ते येत नाही, हे ओघानेच आले.

त्या तरुणाला आम्ही निघताना सुचविले होते की, पुढल्या खेपेस कोणी ती नावे घेऊ लागले तर मर्यादा सांभाळून एवढेच विचारावे: तेथे स्वयंपाक कोण करीत असे? त्याने विचारले. बहुतेकांनी हसून विषय बदलला, असे त्याने नंतर कळविले. एका वृद्ध बाईंनी मात्र चटकन नाव सांगितले, ती चियापासची होती हे सांगितले, तिला दोन मुली होत्या हेही सांगितले. खानावळ बंद झाल्यावर ती कोठे गेली, असे त्याने पुढे विचारले, तेव्हा बाई बराच वेळ बशीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या की, मला ते ठाऊक असायला हवे होते.